पिकअपच्या दाराची काच खाली पडली: मशीनआधी रबर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डबल कॅब पिकअप, आठ वर्षं जुनी, वरळीला समुद्राच्या बाजूला उघड्यावर उभी असते. ड्रायव्हरच्या दाराची काच गेल्या पावसाळ्यापासून जड चालत होती. परवा बटण दाबलं, आत काहीतरी कडकडलं आणि काच थेट दारात जाऊन बसली. आता बटण दाबलं की मोटरचा आवाज येतो, पण काच जागची हलत नाही. एक मेकॅनिक म्हणतो मोटरसकट पूर्ण मशीन, म्हणजे काच वरखाली करणारी यंत्रणा, बदला, दुसरा म्हणतो कुर्ल्याहून जुनं आणून बसवू, आणि तुम्ही विचारता की हे घरी जमेल का.

जमेल. घाई केली नाहीत तर एका सकाळचं काम आहे. गाडी छपराखाली लावा, कारण मधले काही तास दाराला काच नसणार. पण तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "गेल्या पावसाळ्यापासून जड चालत होती" हे आहे, आणि दोन्ही मेकॅनिकनी नेमकं तेच सोडून दिलेलं दिसतं. तुमचं मशीन आपोआप मोडलेलं नाही, ओढून ओढून मोडलंय. काच ज्या खाचेतून वरखाली होते त्या खाचेतलं रबर सुकलं, काच धरून ठेवू लागलं, आणि महिनोन्महिने तो सगळा जोर एका बारीक तारेवर आणि दोन प्लॅस्टिकच्या कप्पींवर येत राहिला. नुसतं मशीन बदललंत तर नवंही तसंच मोडेल.

आत काय असतं ते आधी समजून घ्या. काचेची मशीनं दोन प्रकारची येतात. जुन्या बांधणीच्या गाड्यांत कात्री असते: लोखंडी पट्ट्या एकमेकींवर फुल्लीसारख्या जोडलेल्या, एका पट्टीला दात्यांचा अर्धगोल, आणि काचेचं वजन तोलायला एक जाड गुंडाळी स्प्रिंग. नवीन गाड्यांत बहुतेक तारेचं मशीन असतं: एक उभी पट्टी, तिच्यावर सरकणारा प्लॅस्टिकचा सरक्या, वरखाली दोन कप्प्या आणि मोटरच्या ड्रमला गुंडाळलेली पोलादी तार. काच त्या सरक्यात बोल्टने किंवा क्लिपने पकडलेली असते. तुमच्याकडचं लक्षण तारेच्या मशीनचं आहे. मोटर फिरते, म्हणजे फ्यूज, बटण आणि वायरिंग शाबूत आहे. आणि मोटरच्या आत वर्म गिअर असतो, तो मोटर बंद असताना काचेच्या वजनाने उलटा फिरत नाही. म्हणून काच वरून सुटून खाली पडली तर दोष मोटर आणि काच यांच्या मधल्या भागात असतो: तुटलेली तार, फुटलेली कप्पी किंवा सरक्यातून निसटलेली काच. बटण दाबल्यावर काहीच आवाज आला नसता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा आधी फ्यूज, मग बटण, आणि मग दार आणि खांबाच्या मधल्या काळ्या रबरी नळीतल्या वायरी बघायच्या. दार उघडून मिटून त्या वायरी तिथेच तुटतात.

दाराच्या कामाला हात घालायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि थोडा वेळ थांबा. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर दारातच असतो. मधल्या तपासणीला करंट लागेल तेव्हा बॅटरी पुन्हा जोडता येईल, पण दारातले सगळे प्लग तोपर्यंत जागेवर परत लागलेले असू द्या.

दाराचं पॅड, म्हणजे आतलं आवरण, काढताना स्क्रू कुठे लपलेत हे शोधण्यात निम्मा वेळ जातो. आतल्या हँडलच्या वाटीत टोपीखाली एक, हात टेकायच्या खोबणीत एक-दोन, आणि आरशाच्या मागच्या त्रिकोणी तुकड्याखाली कधी एक. ते सगळे निघाल्यावर खालच्या कोपऱ्यातून प्लॅस्टिकची पट्टी घाला आणि क्लिप जिथे आहे तिथेच पट्टी टेकवून उचला. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, पॅडची कड कायमची दबते. क्लिपा सुटल्या की पॅड वर उचलून काचेच्या कडेवरून मोकळं होतं. मग बटणांचा प्लग आणि हँडलची केबल सोडवा. एकदोन क्लिपा तुटणारच, म्हणून मूठभर आधीच आणून ठेवा.

पॅडखाली पातळ प्लॅस्टिकचा कागद दाराला काळ्या चिकट डांबरासारख्या पट्टीने चिकटवलेला दिसेल. तो फाडू नका. कडेकडेने, पट्टी ताणून, कागदासकट सोडवा आणि चिकट बाजूला धूळ न लागेल असा बाजूला टांगा. त्याच्याबद्दल पुढे सांगतो, मुंबईत हा कागद मशीनइतकाच महत्त्वाचा आहे.

आता हातमोजे घाला. तुटलेल्या तारेचे धागे सुईसारखे उभे राहतात, आणि दाराच्या पत्र्याच्या आतल्या कडा घासलेल्या नसतात. बॅटरी दिलीत की दाराजवळ उभं राहून बटण एकदा दाबा आणि आत बघा. ड्रम फिरतोय आणि तार सैल लोंबतेय, असं बहुधा दिसेल. मग बॅटरी परत काढा.

काच सोडवायला ती अशा उंचीवर हवी की सरक्याचे बोल्ट दाराच्या भोकातून दिसतील. मशीन चालत नाही, तेव्हा कुणाला तरी सोबत घ्या. एकाने वरून दोन्ही तळवे काचेला लावून ओढायचं, दुसऱ्याने खालून ढकलायचं. बोल्ट साधारण 10 नंबर पान्याचे असतात. ते पूर्ण काढायच्या आधी काच पकडून ठेवा. दाराची काच टफन्ड असते, तिच्या सपाट भागावर मूठ मारली तरी तिला काही होत नाही, पण कडेला लोखंडाचा टोला बसला तर एका क्षणात सगळी चुरा होते.

आता थांबा. बोल्ट निघाले, काच मशीनपासून सुटी झाली, आणि ती फक्त रबरी खाचेत उभी आहे. याच क्षणी खरी तपासणी करायची. दोन तळव्यांनी काच हळूहळू वर न्या आणि खाली आणा. चांगल्या खाचेत ती सरळ, एकसारख्या जोराने सरकते. तुमच्या गाडीत ती एखाद्या जागी अडेल, तिरकी होईल किंवा वरच्या शेवटच्या चार बोटांत दम काढेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. जिथे अडते तिथल्या रबराला बोट लावा. आतली मखमल झिजून गेलेली असते, रबर कडक झालेलं असतं, आणि खाचेच्या तळाशी रेती, मीठ आणि वाळलेल्या चिखलाचा थर असतो. काचेला काळी फिल्म लावलेली असेल तर तिची कड सुटून खाचेत गोळा झाली आहे का तेही बघा. (बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियम आहे, तेव्हा त्याहून गडद फिल्म निघाली तर परत लावू नका.) मागच्या बाजूची उभी खाच दाराच्या आत खालपर्यंत जाते आणि एका बोल्टवर असते. तो बोल्ट सैल असेल किंवा पट्टी वाकली असेल तर काच तिरकी होते.

मशीन बदलणारे बहुतेक लोक ही पाच मिनिटं वाचवतात, आणि पुढचा पावसाळा संपेपर्यंत गाडी परत आलेली असते. माझ्याकडे दारं येतात ती बहुतेक अशीच, दुसऱ्यांदा मोडलेली. तुम्ही पुढचं सगळं काम कुणाकडून करून घेतलंत तरी ही तपासणी समोर उभं राहून करून घ्या.

रबर नुसतं मळलेलं असेल तर ओल्या फडक्याने खाच पुसा, वाळू द्या आणि सिलिकॉन स्प्रे मारा. इंजिन ऑइल, ग्रीस किंवा गंज सोडवायचा स्प्रे तिथे घालू नका. तेलाने रबर फुगतं, आणि त्यावर मुंबईची धूळ बसून दोन महिन्यांत सांजाच तयार होतो. रबर कडक झालं असेल किंवा मखमल गेली असेल तर बदलाच. नवीन रबर बसवताना आधी दोन्ही वरचे कोपरे बसवा, मग सरळ भाग. साबणाचं पाणी लावलं की ते सहज आत जातं. ताणून बसवू नका. ताणलेलं रबर नंतर आखडतं आणि कोपऱ्यातून उघडं पडतं.

काच पूर्ण वर सरकवा आणि दाराच्या चौकटीवरून आतबाहेर कापडी टेपने बांधा. पावसाळ्यात चौकट ओलसर असते, टेप धरत नाही, म्हणून आधी कोरड्या फडक्याने नीट पुसा आणि तीन-चार पट्ट्या लावा. त्याहून चांगलं म्हणजे काच वर उचलून, पुढच्या बाजूला किंचित कलवून बाहेरच काढा आणि गोधडीवर ठेवा.

मशीन काढणं मग सोपं आहे. मोटरचा प्लग काढा, मशीन दाराला जिथे जिथे लागलंय त्याचा फोटो घ्या, बोल्ट सोडवा. बऱ्याच गाड्यांत बोल्टच्या जागी रिव्हेट असतात. त्या ड्रिलने डोकं उडवून काढायच्या, आणि लोखंडाचा चुरा दाराच्या तळाशी पडला की चुंबकाने उचलायचा, कारण तो तिथेच गंजतो. परत बसवताना रिव्हेटची बंदूक नसेल तर बोल्ट, वॉशर आणि नायलॉन लॉकनट चालतात. बोल्टचं टोक काचेच्या वाटेत येत नाही ना हे बघा. मशीन सगळ्यात मोठ्या भोकातून, घडी करून आणि वळवून बाहेर येतं. जोर लावावा लागला तर दिशा चुकली आहे.

इथे एक इशारा. तुमचं मशीन कात्रीचं निघालं, तर दात्यांचा अर्धगोल आणि मशीनचा मागचा पाटा यांना बोल्टने आरपार जखडल्याशिवाय मोटर सोडवू नका. त्या स्प्रिंगमध्ये भरलेला जोर मोटर निघाल्याबरोबर सुटतो आणि पट्टी बोटावर येते. बोटाचं हाड मोडण्याइतका तो जोर असतो. आणि तारेच्या नव्या मशीनला जुनी मोटर लावायची असेल तर नव्या मशीनचा ड्रम जागेवरून उचलला जाणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर तार एकदा उलगडली की परत गुंडाळताना दुपार जाते.

नवं मशीन बसवताना सगळे बोल्ट आधी सैलच ठेवा. काच सरक्यात बसवा, तिचे बोल्टही सैल. सगळे प्लग जोडा, बॅटरी द्या, काच हळूहळू पूर्ण वर न्या. वर पोहोचल्यावर काच आपोआप रबराच्या मधोमध बसते. तिथेच, काच वर असताना, आधी काचेचे आणि मग मशीनचे बोल्ट आवळा. खाली असताना आवळलेत तर काच वर जाताना तिरकी घासते आणि पुन्हा तोच जोर तारेवर येतो. हे सहा मिलिमीटरचे बोल्ट आहेत, मनगटाने आवळा, कोपराने नको. पट्टीला सरक्याच्या वाटेवर पांढऱ्या लिथियम ग्रीसचा हलका हात मारा.

पॅड लावायच्या आधी इंजिन चालू करून काच चार-पाच वेळा वरखाली करा. बॅटरीवर आणि इंजिन चालू असताना वेगात फरक पडतो, तो साहजिक आहे. लागोपाठ खूप वेळा चालवलीत आणि मोटर मध्येच थांबली तर घाबरू नका. बहुतेक मोटरमध्ये तापल्यावर करंट तोडणारा भाग असतो, थंड झाली की ती परत चालते. एका स्पर्शाने वर जाणारी काच असेल तर तिला आपली वरची सीमा पुन्हा शिकवावी लागते. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरलं की होतं, नेमकी रीत गाडीच्या पुस्तकात असते.

आता तो कागद. दारात पाणी येतं, ते येणारच, कारण काच आणि बाहेरची बीडिंग (काचेला टेकणारी रबरी पट्टी) यांच्यातून थोडं पाणी आत उतरेल असं गृहीत धरूनच दार बनवलेलं असतं. ते खाली जाऊन दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. मुंबईत एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तुमच्याकडे वर खारा वारा आहे. भोकं चिखलाने बुजली की दारात डबकं साचतं, मशीनची खालची कप्पी आणि तार त्यात भिजतात, आणि दाराचा तळ आतून कुजतो. भोकं प्लॅस्टिकच्या केबल टायने मोकळी करा, लोखंडी तारेने नको, रंग खरवडला की गंज तिथूनच सुरू होतो. मग दारात एक तांब्या पाणी ओतून ते खालून भरभर बाहेर येतंय का बघा. त्यानंतर कागद जसा होता तसा चिकटवा. त्याची खालची कड दाराच्या आतल्या बाजूला खोचलेली असली पाहिजे, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी परत दारातच जातं. ती कड बाहेर राहिली तर पाणी पॅडमागून केबिनमध्ये उतरतं आणि कार्पेट ओलं होतं. मग लोक दाराचं बाहेरचं रबर बदलत बसतात आणि ओल काही थांबत नाही. जुनी चिकट पट्टी मेली असेल तर ब्युटाइल टेप मिळते, ती लावा. कागद फाटला असेल तर जाड प्लॅस्टिक त्याच मापाने कापून घ्या.

चालती काच ही नुसती सोय नाही हे मुंबईत विसरता येत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी या शहरात माणसं बंद गाड्यांत अडकून गेली. पाणी दाराबाहेर चढू लागलं की दाब वाढतो, दार उघडत नाही, आणि वीज गेली की काचही उतरत नाही. म्हणून रस्त्यात पाणी चढताना दिसलं की इंजिन चालू असतानाच काच खाली घ्या, आणि काच फोडायची हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा. ती बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायची, समोरच्या काचेवर नाही, ती दोन थरांची असते आणि फुटली तरी जागेवरच राहते.

जुनं मशीन की नवं? तुमचं तारेचं असेल तर कुर्ल्याच्या जुन्या बाजारातलं घेऊ नका. पट्टी सरळ दिसते, पण तार आणि प्लॅस्टिक तुमच्या मोडलेल्या मशीनच्याच वयाचं असतं. नुसती तार बदलून देणारेही आहेत. दुसरं काही मिळतच नसेल तरच तो मार्ग घ्या, कारण हाताने दाबलेलं तारेचं टोक ड्रममधून पहिल्यांदा सुटतं. कात्रीचं मशीन मात्र जुनं घ्यायला हरकत नाही. ते सगळं लोखंडाचं असतं, दाते झिजलेले नाहीत आणि सांधे डुगडुगत नाहीत एवढं बघायचं. नव्यासाठी ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात जाताना मोडलेलं मशीन आणि चेसिस नंबर दोन्ही सोबत न्या. डावं-उजवं, पुढचं-मागचं आणि मोटरच्या प्लगमधल्या पिनांची संख्या, तिन्ही जुळलं तरच पैसे द्या.

राहिली मोटर. मशीन बाहेर आल्यावर मोटर ड्रमपासून वेगळी करा आणि फ्यूज घातलेल्या दोन वायरींनी तिला थेट 12 व्होल्ट द्या, मग वायरी उलट करून दुसऱ्या दिशेला फिरवा. आवाज दोन्हीकडे सारखा, वास नाही, प्लगमध्ये हिरवा गंज नाही, तर मोटर चांगली आहे. शंका असेल तर ती बसवल्यावर, काच वर जात असताना, प्लगच्या मागून मल्टिमीटरने व्होल्टेज बघा. प्लग काढून बघू नका: वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर 12 दाखवतो, खरं कळतं ते ओझं असतानाच. ओझ्याखाली बॅटरीपेक्षा दोन-अडीच व्होल्ट कमी दिसले तर दोष बटणाच्या आतल्या पत्तीत किंवा वायरीत आहे, मोटरमध्ये नाही. तुमच्या वर्णनावरून मोटर वाचेल असं वाटतं. ती ठेवा, आणि तिच्या पैशांत शेजारच्या दाराचंही काचेचं रबर घ्या. ते दारही त्याच खाऱ्या वाऱ्यात आठ वर्षं उभं आहे.